गाठ बघण्याआधी लिव्हर बघा: कॉन्ट्रास्ट एमआरआयवर साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ कशी ओळखायची

मध्यंतरी एकाच दुपारी माझ्यासमोर दोन एमआरआय आले. एक हिंजवडीत नोकरी करणाऱ्या चौतीस वर्षांच्या बाईंचा. कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफी झाली आणि लिव्हरच्या उजव्या लोबमध्ये, म्हणजे उजव्या भागात, ३ सेंटिमीटरची गाठ दिसली. दुसरा शिरूरकडच्या एकसष्ट वर्षांच्या शेतकरी काकांचा. त्यांना बरीच वर्षं हिपॅटायटिस बी, पोटात थोडं पाणी, आणि गाठ साधारण तेवढीच. कॉन्ट्रास्ट (चित्रात रक्त उजळ दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिल्यावरच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे आर्टेरियल फेजमध्ये, दोन्ही गाठी सारख्याच झळकत होत्या. शेजारी बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला मी फक्त ती दोन चित्रं दाखवली आणि विचारलं, यातली कॅन्सरची कुठली? ती गप्प राहिली. तिचं बरोबरच होतं, कारण त्या दोन चित्रांवरून ते कुणालाच सांगता येणार नाही. बाईंची गाठ एफएनएच (फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया) होती, काकांची एचसीसी (हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा). म्हणजे एकीकडे काहीही करायला नको अशी गाठ आणि दुसरीकडे लिव्हरचा कर्करोग. फरक गाठीच्या आजूबाजूला होता, आणि पुढच्या तीन-चार मिनिटांत ती गाठ कशी वागली त्यात होता.

ही पद्धत मी रेसिडेंट मुलामुलींना शिकवतो. एमआरआयचे टेक्निशियन आणि रिपोर्ट हातात घेऊन पेशंटला समजवायला बसणारे फॅमिली डॉक्टर यांनाही ती कळावी असं मला वाटतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. पेशंट किंवा नातेवाईक हे वाचत असतील तर त्यांनी स्वतःचं निदान करू नये. पण आपल्या डॉक्टरांना काय विचारायचं हे यातून नक्की समजेल.

मशीन सुरू होण्याआधी

सातारा, सोलापूर, अहिल्यानगरहून पुण्यात तपासणीला आलेल्या पेशंटजवळ बहुतेक वेळा एक मोठी प्लास्टिकची पिशवी असते. त्यात जुन्या फिल्म, सीडी, रक्ताचे रिपोर्ट. ती पिशवी उघडल्याशिवाय पेशंटला टेबलावर घेऊ नका. दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत तीच गाठ त्याच आकाराची असेल, तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. उलट सहा महिन्यांपूर्वी नसलेली गाठ आज दिसत असेल, तर पुढचं प्रत्येक चित्र वेगळ्या सावधपणे बघायचं.

मग नेमके प्रश्न विचारायचे. हिपॅटायटिस बी किंवा सी आहे का? दारू किती वर्षं? मधुमेह, वजन? पूर्वी कुठला कॅन्सर झाला होता का, विशेषतः आतड्याचा, स्तनाचा, स्वादुपिंडाचा? बाईंना विचारायचं, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, किती वर्षं. जिमला जाणाऱ्या तरुण मुलाला एकट्याला बाजूला घेऊन स्टिरॉइडची इंजेक्शनं घेतली का ते विचारायचं. आईवडिलांसमोर तो सांगणार नाही, आणि अॅडिनोमाचं, म्हणजे लिव्हर पेशींच्या एका साध्या गाठीचं, ते एक खरं कारण आहे. ताप आहे का? मेंढ्या, कुत्री यांच्याशी रोजचा संबंध आहे का? हा शेवटचा प्रश्न नवख्यांना विचित्र वाटतो, पण हायडॅटिड सिस्टचा, म्हणजे कुत्र्या-मेंढ्यांमधल्या कृमीमुळे होणाऱ्या पाण्याच्या गाठीचा, धागा तिथूनच सापडतो. रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन (एचसीसीत वाढू शकतं ते), बिलिरुबिन (काविळीचं) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं) बघून ठेवा. क्रिएटिनिन कॉन्ट्रास्टच्या सुरक्षिततेसाठी लागतं. बिलिरुबिन कशासाठी, ते पुढे येईल.

श्वास

लिव्हरचा एमआरआय बिघडण्याचं माझ्या अनुभवातलं सर्वांत मोठं कारण म्हणजे श्वास. मशीनमधला आवाज इंग्रजीत किंवा हिंदीत ‘ब्रीद इन’, ‘साँस रोकिए’ म्हणतो, आणि सत्तर वर्षांच्या आजी घाबरून नेमक्या आर्टेरियल फेजला खोल श्वास घेतात. ती पंधरा-वीस सेकंदं परत मिळत नाहीत. कॉन्ट्रास्ट एकदाच जातं.

म्हणून टेक्निशियनला माझी विनंती असते, की इंजेक्शन देण्याआधी पेशंटजवळ उभं राहून दोनदा तालीम करून घ्या. ‘श्वास घ्या, सोडून द्या, आता थांबा, मी सांगेपर्यंत घेऊ नका.’ अगदी साध्या मराठीत. श्वास सोडून थांबवला की लिव्हर दर वेळी जवळपास त्याच जागी येतं, आणि नंतर एका चित्रातून दुसरं वजा करणं, म्हणजे सबट्रॅक्शन, नीट जमतं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी हाताची खूण ठरवून घ्या. यात पाच मिनिटं जातात, पण अख्खी तपासणी पुन्हा करण्याची वेळ टळते.

वेळेचं गणित

लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे ७५ टक्के पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून, आणि २५ टक्के हिपॅटिक धमनीतून. एचसीसीसारखी गाठ मात्र मुख्यतः धमनीवर जगते. कॉन्ट्रास्टच्या सगळ्या अभ्यासाचं मूळ इथे आहे. गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचं कॉन्ट्रास्ट, आधी धमनीतून येतं, तेव्हा धमनीवर जगणारी गाठ उजळते आणि लिव्हर अजून मंद असतं. थोड्या वेळानं पोर्टल व्हेनमधून रक्त आलं की लिव्हर उजळतं, आणि मग गाठ त्याच्यापेक्षा मागे पडते, बरोबरीनं राहते किंवा अजूनही पुढे असते.

कॉन्ट्रास्टच्या आधीचं टी-१ चित्र (ज्या प्रकारच्या चित्रावर कॉन्ट्रास्ट उजळ दिसतं ते), साधारण ३५ सेकंदांना लेट आर्टेरियल, ६० ते ८० सेकंदांना पोर्टल व्हीनस आणि ३ ते ५ मिनिटांना डिलेड, एवढे टप्पे हवेतच. आर्टेरियल फेज खरंच योग्य वेळी आली का, हे घड्याळावरून ठरवू नका, चित्रावरून ठरवा. धमनी लख्ख उजळलेली, पोर्टल व्हेनमध्ये कॉन्ट्रास्ट यायला लागलेलं आणि हिपॅटिक व्हेन (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) अजून काळ्या, असं दिसलं तर वेळ बरोबर साधली. पोर्टल व्हेन अजून काळीच असेल तर चित्र फार लवकर घेतलं गेलं. अशा चित्रात एचसीसी अजिबात न उजळलेली दिसू शकते. तसं असेल तर रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. वेळ चुकलेल्या चित्रावर ‘आर्टेरियल एन्हान्समेंट नाही’ असं लिहिणं पेशंटच्या दृष्टीनं धोक्याचं आहे.

आधी लिव्हर

गाठीकडे नजर जाणारच, पण ती बाजूला सारा. लिव्हरची कड गुळगुळीत आहे की खडबडीत? कॉडेट लोब, लिव्हरचा मागचा छोटा भाग, मोठा झालाय का? प्लीहा मोठी आहे, पोटात पाणी आहे, अन्ननलिकेभोवती फुगलेल्या शिरा आहेत? म्हणजे सिरोसिस, व्रणांनी कडक झालेलं लिव्हर, आहे का? इथे एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं: या माणसाला एचसीसीचा धोका मुळातच जास्त आहे का?

सिरोसिस असलेल्या लिव्हरमध्ये आर्टेरियल फेजला उजळणारी गाठ दिसली की पहिला संशय एचसीसीचा. निरोगी लिव्हर असलेल्या तरुण बाईत तीच गाठ बहुधा एफएनएच किंवा अॅडिनोमा. कॅन्सरचा इतिहास असलेल्या माणसात मेटास्टेसिस, म्हणजे दुसरीकडून पसरून आलेली गाठ. चित्र तेच असलं तरी त्याचा अर्थ माणसागणिक बदलतो.

पोर्टल व्हेन आणि हिपॅटिक व्हेन उघड्या आहेत का तेही इथेच बघून घ्या. बड-किआरीमध्ये हिपॅटिक व्हेन बंद असतात. तिथे लिव्हर सिरोसिससारखंच दिसतं आणि त्यात आर्टेरियल फेजला झळकणाऱ्या अनेक साध्या, एफएनएचसारख्या गाठी तयार होतात. शिरांकडे लक्ष न दिल्यामुळे अशा तरुण पेशंटच्या गाठींना एचसीसी म्हटलेलं मी पाहिलं आहे.

टी-२: पाणी आहे की पेशी

आता गाठीकडे वळा, पण कॉन्ट्रास्टच्या चित्रांकडे अजून जाऊ नका. आधी टी-२, म्हणजे पाणी पांढरं दाखवणारं चित्र. इथे मी दोन मोजपट्ट्या वापरतो, एक मणक्यातलं पाणी आणि दुसरी प्लीहा. गाठ मणक्यातल्या पाण्याइतकी पांढरी असेल तर ती सिस्ट (पाण्याची पिशवी) किंवा हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) असण्याची शक्यता मोठी. साधी सिस्ट कॉन्ट्रास्ट मुळीच घेत नाही, विषय संपला. गाठ प्लीहेइतकी, म्हणजे मध्यम करडी-पांढरी असेल तर ती पेशींनी भरलेली आहे, मग ती साधी असो वा कर्करोगाची. मेटास्टेसिस आणि एचसीसी बहुतेक याच मध्यम रंगात दिसतात. एफएनएच तर लिव्हरमध्ये जवळजवळ मिसळून जाते, इतकी की कधीकधी टी-२ वर शोधावी लागते.

याला अपवाद आहेत. म्युसिन, म्हणजे चिकट स्राव, तयार करणाऱ्या कॅन्सरच्या मेटास्टेसिस, सिस्टसारख्या झालेल्या न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) मेटास्टेसिस आणि आतून सडलेल्या गाठी टी-२ वर खूप पांढऱ्या दिसू शकतात. त्यांची कड मात्र जाड आणि वेडीवाकडी असते.

इन-फेज, ऑपोज्ड-फेज आणि डिफ्यूजन

इन-फेज आणि ऑपोज्ड-फेज ही चरबी शोधायची चित्रांची जोडी. इन-फेजच्या तुलनेत ऑपोज्ड-फेजमध्ये सिग्नल पडला, म्हणजे भाग काळा झाला, तर तिथल्या पेशींमध्ये चरबी आहे. फाल्सिफॉर्म लिगामेंटजवळ (लिव्हरच्या पुढच्या बाजूचा पडदा) किंवा पित्ताशयाच्या खोबणीलगत असा भाग दिसला, त्यातून शिरा सरळ आणि न वाकता जात असतील, तर ती गाठच नाही, तो चरबीचा पट्टा आहे. सोनोग्राफीत ‘गाठ’ म्हणून आलेले बरेच पेशंट इथेच निश्चिंत होऊन घरी जातात. पण गाठीच्या आकाराच्या भागात चरबी असेल तर ती एका प्रकारच्या अॅडिनोमात असू शकते आणि एचसीसीतही असू शकते. म्हणून चरबी दिसली म्हणजे साधी, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

फॅटी लिव्हरमध्ये एक जास्तीची अडचण येते. चरबी दाबलेल्या टी-१ चित्रात लिव्हरच काळं पडतं आणि गाठ कॉन्ट्रास्टच्या आधीच उजळ दिसते. मग आर्टेरियल फेजला तिचा उजळपणा बघून आपण फसतो. अशा वेळी आधीचं चित्र वजा करून बघणं हाच उपाय, आणि त्यासाठीच श्वासाची ती तालीम. टी-१ वर आधीच उजळ असलेल्या सगळ्या गाठींना हा नियम लावा, मग त्यात रक्त असो, चरबी असो वा मेलॅनोमाचं रंगद्रव्य.

डिफ्यूजनबद्दल, म्हणजे पेशींमध्ये पाणी किती मोकळं हलतं ते दाखवणाऱ्या चित्राबद्दल, मात्र एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. ‘डिफ्यूजनवर चमकते म्हणजे कॅन्सर’, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच आठवड्यात त्याबद्दल सांगतो. डिफ्यूजनचं खरं काम गाठ शोधायचं. अर्ध्या सेंटिमीटरच्या मेटास्टेसिस इतर चित्रांत हरवतात आणि इथे ताऱ्यासारख्या दिसतात. पण ती गाठ साधी की कर्करोगाची, हे डिफ्यूजन एकट्यानं ठरवू शकत नाही. हिमँजिओमा मोठ्या बी-व्हॅल्यूवरही, म्हणजे डिफ्यूजनचा जोर वाढवल्यावरही, पांढरा राहतो, पण एडीसी नकाशावरही (पाण्याची हालचाल मोजून केलेलं चित्र) तो पांढराच असतो. म्हणजे तो उजळपणा पाण्याचा. कर्करोगाची गाठ एडीसीवर काळी पडते. अडचण अशी की एफएनएच आणि अॅडिनोमाही थोड्या काळ्या पडतात, आणि पू असलेला अॅब्सेस तर पुष्कळच. म्हणून एडीसीचा आकडा लिहून त्यावर निदान टांगू नका.

कॉन्ट्रास्ट: गाठ कशी भरते, कशी रिकामी होते

आता चारही टप्पे शेजारी-शेजारी लावा आणि एकच गाठ डावीकडून उजवीकडे वाचत जा. मी रेसिडेंटना ही गोष्ट तोंडानं सांगायला लावतो. ‘आधी कडेला उजळली, मग आत भरली, शेवटी शिरांइतकी राहिली.’ असं वाक्य तयार झालं की निदान बहुतेक वेळा आपोआप समोर येतं.

हेच वाक्य हिमँजिओमाचं आहे. आर्टेरियल फेजला कडेला तुटक-तुटक ठिपके उजळतात आणि त्यांचा उजळपणा महाधमनीच्या बरोबरीचा असतो. पुढच्या टप्प्यांत ते आत सरकत जाऊन एकमेकांत मिसळतात. प्रत्येक टप्प्यावर गाठीचा उजळलेला भाग त्या वेळच्या रक्तवाहिन्यांसारखाच दिसतो, कारण ती गाठ रक्ताच्या पोकळ्यांचीच बनलेली आहे. इथे ‘तुटक’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. कडेचं वलय सलग आणि अखंड असेल तर हिमँजिओमाचा विचार सोडून मेटास्टेसिसचा करा. खूप मोठा हिमँजिओमा मधोमध कधीच भरत नाही, तिथे जुनं रक्त आणि व्रणासारखा भाग असतो. त्याची धास्ती नको.

गाठ आर्टेरियल फेजला एकसारखी, पूर्ण आणि जोरात उजळली आणि पोर्टल फेजला लिव्हरमध्ये विरघळून गेली, तर एफएनएच. मधोमध व्रणासारखा तारा असेल, तो टी-२ वर पांढरा असेल आणि डिलेड चित्रात उशिरा उजळत असेल, तर खात्री वाढते. तो तारा टी-२ वर काळा असेल, पेशंट तरुण असेल आणि गाठ मोठी असेल, तर फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा, लिव्हरचा एक दुर्मिळ कर्करोग, डोक्यात आणा. लहान एफएनएचमध्ये तारा दिसतच नाही. तो दिसला नाही म्हणून एफएनएच खोडू नका.

अॅडिनोमाही उजळतो, पण कमी एकसारखा, आणि त्यात रक्तस्राव किंवा चरबी सापडू शकते. इन्फ्लमेटरी प्रकारचा अॅडिनोमा टी-२ वर बऱ्यापैकी पांढरा असतो. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठा अॅडिनोमा फुटून रक्तस्राव होण्याचा धोका असतो. पुरुषातला अॅडिनोमा, आकार कितीही असला तरी, सर्जनकडे जायलाच हवा, कारण कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता तिथे जास्त असते. म्हणजे ‘साधी’ या शब्दाखाली येणाऱ्या सगळ्या गाठी एकाच मापाच्या नाहीत. फॅमिली डॉक्टरांनी ‘साधी आहे, विसरून जा’ म्हणण्याआधी कुठली साधी, ते बघावं.

आर्टेरियल फेजला उजळली आणि पोर्टल किंवा डिलेडमध्ये लिव्हरपेक्षा काळी पडली, तर हा वॉशआउट. त्याच्या भोवती उशिरा उजळणारं पातळ आवरण दिसलं तर ती कॅप्सूल. सिरोसिसच्या लिव्हरमध्ये ही जोडी एचसीसीकडे बोट दाखवते.

आणि कडेला सलग वलय, आत मंद, नंतर वलय बाहेरच्या बाजूनं काळं पडत जाणं, हे मेटास्टेसिसचं नेहमीचं रूप. गाठ कडेला उजळते आणि मधोमध हळूहळू, मिनिटांनी उजळते, लिव्हरची बाहेरची कड आत ओढली गेली आहे, जवळच्या पित्तनलिका फुगल्या आहेत, असं दिसलं तर कोलँजिओकार्सिनोमा, म्हणजे पित्तनलिकांचा कर्करोग. मधला भाग तंतूंचा असल्यामुळे तो उशिरा भरतो. नवख्यांना हा उशिराचा उजळपणा हिमँजिओमासारखा वाटतो. अशा वेळी टी-२ कडे परत जा. कोलँजिओकार्सिनोमा मणक्यातल्या पाण्याइतका पांढरा होत नाही. न्यूरोएंडोक्राइन, मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या मेटास्टेसिस मात्र वलय न करता पूर्ण उजळू शकतात, म्हणून जुन्या कॅन्सरचा तो प्रश्न पहिल्यांदाच विचारून ठेवायचा असतो.

प्रिमोविस्ट, आणि माझी एक चूक

प्रिमोविस्ट, म्हणजे गॅडॉक्सेटेट, हे कॉन्ट्रास्ट लिव्हरच्या पेशी स्वतः आत घेतात. सुमारे निम्मं पित्तावाटे बाहेर पडतं, निम्मं लघवीवाटे. सुमारे २० मिनिटांनी चित्र घेतलं की ज्या गाठीत काम करणाऱ्या लिव्हर पेशी आहेत ती उजळ, आणि ज्यात नाहीत ती काळी दिसते. एफएनएच लिव्हरइतकी किंवा जास्त उजळ राहते, बहुतेक अॅडिनोमा काळे पडतात, मेटास्टेसिस खड्ड्यासारख्या काळ्याभोर दिसतात. एफएनएच की अॅडिनोमा एवढाच प्रश्न असेल, किंवा आतड्याच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेआधी नेमक्या किती मेटास्टेसिस आहेत हे मोजायचं असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो. बिलिरुबिन बरंच वाढलेलं असेल तर पेशी कॉन्ट्रास्ट नीट घेत नाहीत आणि चित्र फिकं येतं. बिलिरुबिन आधी बघायचं ते यासाठी.

आता चूक. स्तनाच्या कॅन्सरच्या एका बाईंचा प्रिमोविस्ट एमआरआय होता. १२ मिलिमीटरची गाठ आर्टेरियलला एकदम पूर्ण उजळली, तीन मिनिटांना लिव्हरपेक्षा काळी, वीस मिनिटांना काळी. मी ‘मेटास्टेसिसची शक्यता जास्त’ असं लिहून टाकलं. त्यांच्या डॉक्टरांनी उपचारांची दिशा बदलायची तयारी केली. चार दिवसांनी विभागाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, ‘टी-२ बघितलास?’ ती गाठ टी-२ वर मणक्यातल्या पाण्याइतकी पांढरी होती. चार वर्षांपूर्वीच्या सीटीतही ती तशीच होती, आणि ती सीडी त्या बाईंच्या पिशवीत पहिल्या दिवसापासून होती. ती झटकन भरणारा लहान हिमँजिओमा होता. ते चार दिवस त्या घरानं कसे काढले असतील, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चूक नेमकी कुठे झाली ते सांगतो. प्रिमोविस्ट दिल्यावर दीड-दोन मिनिटांतच लिव्हरच्या पेशी ते आत घ्यायला लागतात आणि लिव्हर उजळत जातं. हिमँजिओमात लिव्हरच्या पेशी नाहीत, म्हणून तो तुलनेनं काळा दिसतो. हा वॉशआउट खोटा असतो. प्रिमोविस्ट वापरलं असेल तर वॉशआउट फक्त पोर्टल व्हीनस फेजमध्येच मोजा, तीन मिनिटांच्या चित्रावर कधीही नको. आणखी एक, या कॉन्ट्रास्टनंतर काही पेशंटचा श्वास नेमका आर्टेरियल फेजला क्षणभर अडखळतो आणि चित्र हलतं. इंजेक्शनचा वेग सेकंदाला १ मिलिलिटर ठेवला तर आर्टेरियल फेज सुधारायला मदत होते.

सिरोसिसचं लिव्हर असेल तर

इथे मनाला येईल तशी भाषा वापरायची नाही, लाय-रॅड्सची वापरायची, म्हणजे एचसीसीच्या शक्यतेप्रमाणे गाठीला एलआर-आकडा देणाऱ्या पद्धतीची. मी २०१८च्या आवृत्तीप्रमाणे सांगतो. ती कुणाला लागू होते हे आधी पक्कं करा: सिरोसिस, जुना हिपॅटायटिस बी, किंवा आधी एचसीसी झालेला प्रौढ पेशंट. १८ वर्षांखालच्यांना लागू नाही. बड-किआरीसारख्या रक्तवाहिन्यांच्या आजारातून झालेल्या सिरोसिसलाही लागू नाही. निरोगी लिव्हरच्या बाईंच्या गाठीला ‘एलआर-४’ लिहिलेले रिपोर्ट माझ्यासमोर येतात, तेव्हा आधी तो आकडा पुसावा लागतो.

गाठ २० मिलिमीटर किंवा मोठी, आर्टेरियलला वलयाशिवाय उजळणारी, आणि वॉशआउट, कॅप्सूल किंवा सहा महिन्यांत निम्म्यानं वाढ यांपैकी एक तरी खूण असेल, तर एलआर-५, म्हणजे नक्की एचसीसी. १० ते १९ मिलिमीटरच्या गाठीत आर्टेरियल उजळपणाबरोबर वॉशआउट किंवा ती वाढ हवी. नुसती कॅप्सूल असेल तर एलआर-४, म्हणजे बहुधा एचसीसी. १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठीला एलआर-५ देता येत नाही. योग्य पेशंटमध्ये एलआर-५ आली तर बायोप्सीशिवायही एचसीसी मानून उपचार सुरू करता येतात, म्हणून तो आकडा फार जपून लिहायचा. टी-२, डिफ्यूजन, चरबी या मदतीच्या खुणांवर गाठ एक पायरी वर नेता येते, पण त्यांच्या जोरावर एलआर-५ कधीच करता येत नाही. कर्करोगाची वाटते पण एचसीसीची खूण नाही, उदाहरणार्थ सलग वलय, तर एलआर-एम. शिरेत घुसलेली, उजळणारी गाठ दिसली तर आकार काहीही असो, एलआर-टीआयव्ही.

सिरोसिसमध्ये फसवणारं आणखी एक रूप म्हणजे फक्त आर्टेरियलला दिसणारे, लिव्हरच्या कडेचे पाचरीसारखे उजळ डाग. बाकी कुठल्याही चित्रात ते नसतात. ते बहुतेक रक्तप्रवाहाच्या गडबडीचे असतात. गोल असतील आणि टी-२ किंवा डिफ्यूजनवरही दिसत असतील, तर मात्र सोडू नका. चौथ्या आणि आठव्या सेगमेंटमध्ये (लिव्हरचे आठ भाग मानतात) पाचरीसारखा, कड आत ओढणारा, उशिरा उजळणारा पट्टा दिसला तर तो व्रणाचा असू शकतो.

आपल्याकडचे दोन आजार

परदेशी पुस्तकात ज्यांना अर्धं पान मिळतं, ते आपल्याकडे नेहमी दिसतात. पहिला अमिबिक अॅब्सेस, म्हणजे अमिबामुळे झालेला पुवाचा फोड. मध्यमवयाचा पुरुष, बरेचदा दारू घेणारा, उजव्या बरगडीखाली दुखतंय, ताप आहे. गाठ उजव्या लोबमध्ये, वलय उजळतं, भोवती सुजेचा दुसरा थर, आतला पू डिफ्यूजनवर चमकतो. याला सडलेली मेटास्टेसिस म्हणणं सोपं असतं. फरक असा की अॅब्सेसमध्ये आतला पूच डिफ्यूजन अडवतो आणि वलयाला तितकी अडचण नसते, तर सडलेल्या गाठीत जिवंत वलय डिफ्यूजन अडवतं आणि मधला भाग मोकळा असतो. ताप, पांढऱ्या पेशी आणि सिरॉलॉजी (अँटीबॉडीची रक्ततपासणी) यांच्याशी जोडून बघा.

दुसरा हायडॅटिड. टी-२ वर काळी कड, आत डॉटर सिस्ट, म्हणजे मोठ्या सिस्टमधल्या छोट्या गोल सिस्ट, किंवा पाण्यात तरंगणारी सुटलेली आवरणं. संशय आला तर निदानासाठी सुई घालण्याची घाई करू नका. आतलं पाणी पोटात सांडलं तर गंभीर अॅलर्जी होऊ शकते आणि आजार पसरतो. क्षयाच्या गाठीही लिव्हरमध्ये दिसतात. छातीचा एक्स-रे बघितल्याशिवाय त्यांचं नाव लिहू नका आणि खोडूही नका.

ठरत नसेल तेव्हा

सगळं करूनही काही गाठी ठरत नाहीत. कॅन्सरचा इतिहास नाही, लिव्हर निरोगी, गाठ सेंटिमीटरपेक्षा लहान, तर बहुतेक ती साधीच असते. कॅन्सरचा पेशंट असेल किंवा सिरोसिस असेल तर तीन ते सहा महिन्यांनी त्याच मशीनवर, त्याच कॉन्ट्रास्टनं पुन्हा तपासणी ठरवा आणि ती तारीख रिपोर्टमध्ये लिहा. ‘क्लिनिकल कोरिलेशन करावे’ असं लिहून हात झटकू नका. बायोप्सीची वेळ आली तर तो निर्णय एकट्यानं घेऊ नका. हिपॅटॉलॉजिस्ट, सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसतात अशी बैठक पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत होते, तिथे चित्रं घेऊन जा. शक्य तिथे कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीही मदत करते. तिचं कॉन्ट्रास्ट रक्तवाहिन्यांतच राहतं, त्यामुळे कोलँजिओकार्सिनोमाचा वॉशआउट तिथे फार लवकर दिसतो.

रिपोर्ट

सेगमेंटचा आकडा लिहा. आकार कुठल्या फेजवर आणि कुठल्या दिशेत मोजला ते लिहा, म्हणजे पुढच्या वेळी तिथेच मोजता येईल. हिपॅटिक आणि पोर्टल व्हेनपासून अंतर लिहा, सर्जनला ते हवं असतं. कुठलं कॉन्ट्रास्ट, किती डोस, आर्टेरियल फेज योग्य होती का, हेही. शेवटी निदान एका वाक्यात, आणि त्याखाली ते कशामुळे वाटतं ते दुसऱ्या वाक्यात. त्या हिंजवडीच्या बाईंच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं होतं: ‘एफएनएच. आर्टेरियलला एकसारखी उजळते, पोर्टलला लिव्हरसारखी, वीस मिनिटांना लिव्हरइतकी उजळ, मधोमध टी-२ वर पांढरा व्रण. लिव्हर निरोगी. शस्त्रक्रिया किंवा बायोप्सीची गरज दिसत नाही.’ त्यांनी ते कागद बाहेरच्या बाकावर बसून वाचले आणि आत येऊन एकच प्रश्न विचारला, ‘म्हणजे आईला फोन करून सांगू ना?’ मी हो म्हणालो.